चाकणमधली शेड: चौदा महिन्यांनंतर

भोसरीतला गाळा अपुरा पडायला लागला म्हणून गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आम्ही खराबवाडीजवळ भाड्याने शेड घेतली. शीट मेटलचं प्रेसकाम, ३ पॉवर प्रेस, ११ माणसं. आता १४ महिने झाले, दुसरा पावसाळाही निम्मा सरला. "चाकणला यावं का?" असं ओळखीचे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

नकाशावर पाहिलं तर जागेला तोड नाही. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. पश्चिमेला तळेगाववरून द्रुतगती मार्ग आणि पुढे न्हावाशेवा बंदर. पूर्वेला शिक्रापूर, तिथून रांजणगाव. चाकणचा किल्ला, संग्रामदुर्ग, इथे उभा राहिला तोही अशाच वाटांच्या नाक्यावर; १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला. पुढे चाकणची ओळख कांद्याच्या बाजाराची. बजाजनंतर २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना आला, त्याच वर्षी मर्सिडीझ पिंपरीहून इथे आली, पाठोपाठ महिंद्रा. त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणारे आले आणि त्या पुरवठादारांच्या मागे आमच्यासारखे.

माझा खरा फायदा मात्र बंदर किंवा महामार्गाचा नाही, तो ग्राहक जवळ असण्याचा आहे. आमचा मोठा ग्राहक म्हाळुंग्यात आहे. भोसरीत असताना एखादा लॉट क्वालिटीत अडकला की माणूस पाठवायचा, तो पोचेपर्यंत दुपार, तोवर माल बाजूला काढलेला आणि पुढच्या बिलातून डेबिट. गेल्या श्रावणात एका ब्रॅकेटची भोकं सरकली. त्यांचा तपासनीस मोटारसायकलवरून स्वतःच शेडवर आला, आमच्या प्रेससमोर उभा राहिला. पत्रा नेमक्या जागी धरणारी लोकेटिंग पिन झिजली होती. तासाभरात ती बदलली, त्याने पहिला पीस मोजला आणि होकार दिला. संध्याकाळच्या शिफ्टला माल लाइनवर होता. अशा एका प्रसंगात महिन्याचं भाडं वसूल होतं, हे मी मनापासून सांगतो.

पण प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा चढवायला, माल अजून भोसरीलाच जातो, आणि तिथे चाकण महाग पडतं. सकाळी लवकर निघालेला टेम्पो पाऊण तासात पोचतो. संध्याकाळी पाचनंतर तोच टेम्पो चाकणच्या तळेगाव चौकात अडकला की दोन-अडीच तासांची निश्चिंती. पावसात खड्डे पडले की विचारूच नका. निघोज्यातून आतला रस्ता आहे, पण सगळेच तिकडे वळतात. म्हणून जागा बघताना ती चौकाच्या कोणत्या बाजूला आहे हे आधी बघा. तुमचा पत्रा, जॉबवर्कवाला (प्लेटिंगसारखं काम बाहेर करून देणारा) आणि ग्राहक असे तिघेही एकाच बाजूला असतील, तर चाकणसारखं ठिकाण नाही. दोनदा चौक ओलांडावा लागत असेल, तर स्वस्त भाड्याला भुलू नका.

माणसांचं सांगायलाच हवं. लातूर-नांदेडकडची मुलं खराबवाडीतच खोल्या करून राहतात, चालत कामावर येतात. त्यांना हे सोयीचं आहे. भोसरीहून आमच्याबरोबर आलेल्यांपैकी तिघांनी दीड महिन्यात काम सोडलं. त्यात नऊ वर्षांचे जुने ऑपरेटर काका होते. रोज रात्री साडेनऊला घरी पोचायचे. "पोरगी झोपलेली असते," एवढंच म्हणाले. ते गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. शेड बघायला गेलो तेव्हा टेम्पोचा हिशोब मी केला, त्यांच्या येण्याजाण्याचा करायचा राहिला.

पुढे काय होईल? नाशिक फाटा ते खेड हा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला, खर्च ७,८२७ कोटी. तो व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. पण याच परिसरात विमानतळ होणार म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी आशा धरली आणि शेवटी तो पुरंदरकडे गेला. तेव्हा आज जो रस्ता आहे त्यावरच हिशोब मांडा. अनामत देण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला भरलेल्या टेम्पोत बसून चौक पार करून बघा.

आम्ही करार वाढवला आहे. प्लेटिंगसाठी मात्र म्हाळुंग्याच्या बाजूला कोणी मिळतं का, ते शोधतोय.