नागपूरच्या धंतोलीतलं फिजिओथेरपी क्लिनिक, मायग्रेनवाल्यांच्या नजरेतून (५ पैकी ४)

आधीच सांगून ठेवते, मायग्रेन मुळापासून जातं असं ऐकायला आले असाल तर हा रिव्ह्यू वाचू नका. मला क्रॉनिक मायग्रेन आहे, म्हणजे महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणं, त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनचे, आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललेलं. न्यूरोवाल्या डॉक्टरांची रोजची गोळी सुरूच आहे पण मान नि खांदे असे आखडून राहायचे की स्कूटीवर मागे वळून बघायची पंचाईत, मग डॉक्टरच म्हणाले गोळ्यांसोबत फिजिओ करून बघा.

याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेली होती (नाव नाही घेत), तिथे पूर्ण पॅकेजचे पैसे आधी घेतले, मानेला टेन्सचे (हलका करंट देणाऱ्या मशीनचे) पॅड चिकटवले आणि पोरगा बाहेर मोबाईलवर बोलत बसला. इथे तसं नाही. पहिल्या दिवशी तर फिजिओ मॅडमनी बराच वेळ हातही लावला नाही, नुसते प्रश्न. गोळ्या कोणत्या, पेनकिलर महिन्याला किती होतात, कधी एकदम वीज पडल्यासारखं डोकं दुखलं का, हात बधिर होतो का, बोलताना जीभ अडखळते का. यातलं काही असतं तर आधी डॉक्टरकडे परत पाठवलं असतं म्हणाल्या, मसाज नाही.

मग उताणं झोपवलं आणि कवटी मानेला जिथे टेकते त्या खाचेत दोन्ही हातांची बोटं ठेवली. जोर लावत नाहीत, आपल्याच डोक्याचं वजन बोटांवर येऊ देतात. थोड्या वेळाने उजव्या डोळ्यामागे कळ आली, अगदी तीच, अटॅकवाली! मी म्हटलं मॅडम हेच, हेच दुखतं. त्या म्हणे ताई, मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस यांचे निरोप मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून मानेतलं दुखणं डोळ्यात जाणवतं. इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं बाप्पा. मग हळूहळू ती कळ उतरली, मान सैल झाली.

आता फरकाचं बोलू. अटॅक थांबले नाहीत. मे महिन्यात नागपूरचं ऊन ४५ च्या वर गेलं की कोणाचा हात काय करणार. पण मानेतून सुरू होणारं दुखणं बरंच कमी झालं आणि त्यामुळे पेनकिलर कमी लागून राहिल्या, आणि माझ्या मते खरी कमाई तीच आहे कारण साधी पेनकिलर महिन्याला १५ दिवस किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकची खास गोळी) १० दिवस असं महिनोन्‌महिने घेतलं की गोळीनेच डोकं दुखायला लागतं. रोजची गोळी मात्र बंद नाही केली, मी विचारलं होतं, तर मॅडम सरळ म्हणाल्या, ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी नाही. तिथेच माझा विश्वास बसला.

अजून एक, इथे मान कडकन मोडत नाहीत. काही लोकांना तो आवाज आल्याशिवाय पैसे वसूल वाटत नाहीत, पण जोरात झटका दिल्याने क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक होऊ शकतो, तेव्हा नकोच ते. घरी करायचा हनुवटी मागे ओढायचा व्यायाम देतात, तो कंटाळवाणा आहे पण दोन दिवस सोडला की मान लगेच हिशोब मागते.

एक स्टार कशाचा कापला? वेटिंगमध्ये पांढरीफक्क ट्यूबलाईट आणि अगरबत्ती! मायग्रेनच्या पेशंटला बसवायच्या जागी अगरबत्ती कोण लावतं भाऊ? रिसेप्शनवर सांगितलं तर हो हो म्हणे, पुढच्या वेळी मोगऱ्याची लावली. पार्किंगचं तर धंतोलीत काही विचारूच नका, ऑटोने गेलेलं बरं.

संध्याकाळचे स्लॉट ऑफिसवाल्यांनी भरलेले असतात, दुपारी सहज मिळतो. पहिल्यांदा जाताना प्रिस्क्रिप्शन न्या, आणि कोणत्या दिवशी दुखलं, कोणती गोळी घेतली हे वहीत लिहून न्या, मॅडम आधी तेच मागतात. अटॅक सुरू असताना जाऊ नका, फोन केला तर वेळ बदलून देतात, पैसे कापत नाहीत.