आठ महिन्यांनंतर: ४यू, मध्यम शाफ्ट आणि २३ पाउंड

ही बॅडमिंटनची रॅकेट हातात येऊन आठ महिने झाले. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी दीड तास, आणि जवळजवळ सगळं डबल्स. एवढ्या काळात गटिंग, म्हणजे तारांचं जाळं, तीनदा तुटलं, ग्रिप किती बदलल्या ते आठवत नाही, फ्रेमच्या टोकाचा रंग जमिनीला घासून उडालाय. म्हणजे आता तिच्याबद्दल खात्रीने लिहायला हरकत नाही. वजन ४यू (८० ते ८४ ग्रॅमचा गट), बॅलन्स मधला, शाफ्ट (मूठ आणि डोकं जोडणारी दांडी) मध्यम लवचीक. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नावं बदलत राहतात. हे तीन गुण मात्र कुठल्याही चांगल्या कंपनीच्या रॅकेटमध्ये शोधता येतात, आणि निवड त्यांच्यावरूनच करायची असते हे मला आधीच्या रॅकेटमुळे कळलं.

आधीची ३यू होती, म्हणजे जास्त वजनाची, डोक्याकडे (तारांच्या बाजूला) जड, शाफ्ट कडक. भारताचा डबल्स खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशची २०२३ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली, त्याच सुमारास मी रॅकेट शोधत होते. स्मॅश बसला पाहिजे, एवढंच मनात. आणि तो बसायचाही. फूल (शटल) उंच आलेलं असेल, पाय वेळेत मागे पोचलेले असतील, तर त्या रॅकेटचा आवाज शेजारच्या कोर्टापर्यंत जायचा. पण डबल्समध्ये असं फूल किती वेळा मिळतं? एकदा मी बाहेर बसून एक अख्खा गेम मोजला. चौघांचे मिळून जेवढे फटके झाले त्यांत स्मॅश पाचातला एकसुद्धा नव्हता. बाकी सगळं ड्राइव्ह (नेटवरून सपाट, जलद फटका), ब्लॉक, लिफ्ट, नेटवरची ढकलाढकल आणि सर्व्हिस. मी रॅकेट निवडली होती ती त्या एका फटक्यासाठी.

आमच्यात खेळणारे एक काका आहेत, साठी ओलांडलेले, नेटवर त्यांच्यासमोर कुणाचं काही चालत नाही. त्यांनी नेमक्या शब्दांत सांगितलं, "अगं, तुझी नजर वेळेवर जातेय, रॅकेट मागून येतेय." डोकं जड असलेली रॅकेट एकदा फिरली की फिरते, पण एका बाजूचा फटका मारून लगेच दुसऱ्या बाजूला आणताना मनगटाला ते वजन थांबवावं लागतं, मग उलट वळवावं लागतं. अंगावर आलेल्या ड्राइव्हला तेवढा वेळ नसतो.

कडक शाफ्टचं दुखणं वेगळं. तो वाकायला हाताचा वेग लागतो. कोपराखालचा हात झपकन फिरला तर शाफ्ट वाकतो आणि फुलाला लागताना परत सरळ होतो, फटक्याला जोर येतो तो असा. माझा वेग तेवढा नव्हता. कोर्टाची लांबी १३.४० मीटर. मागच्या रेषेवरून मारलेला टॉस, म्हणजे उंच लांब फटका, पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत न्यायचा तर मी सगळा जोर खांद्यातून काढत होते, आणि तरी फूल दोन-तीन हात अलीकडेच पडायचं. चौथ्या महिन्यात कोपराची बाहेरची बाजू दुखायला लागली. पाण्याचा भरलेला तांब्या उचलताना कळ यायची. तीन आठवडे खेळ बंद.

नवीन रॅकेट घेताना मग आकडे वाचून घेतले. शाफ्ट जिथे मुठीत शिरतो तिथल्या टोपीवर बहुतेक सगळं छापलेलं असतं. योनेक्सच्या पद्धतीत ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू त्याहून हलकी, आणि हे वजन गटिंग-ग्रिपशिवायचं. फरक पाचच ग्रॅमचा, पण दीड तासाच्या शेवटच्या वीस मिनिटांत तो खांद्याला बरोबर कळतो. बॅलन्स मात्र छापलेला असेलच असं नाही. रॅकेट एका बोटावर आडवी तोलून धरायची आणि जिथे ती स्थिर राहते तिथपासून मुठीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं. माझ्या जुन्या रॅकेटचं गटिंगसकट ३०२ मिलिमीटर भरलं, नवीनचं २९०. बारा मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल, पण दोन्ही आलटून पालटून हातात घ्या, लगेच समजतं.

पहिल्याच आठवड्यात ब्लॉक सुधारले. समोरून स्मॅश आला की रॅकेट नुसती मध्ये धरायची आणि फूल नेटच्या पलीकडे टाकायचं, हे आधी मला जमतच नव्हतं, कारण रॅकेट पोचेपर्यंत फूल अंगाला लागलेलं असायचं. बॅकहँडची छोटी सर्व्हिसही नेटच्या पट्टीला लगटून जायला लागली. टॉस मागच्या रेषेपर्यंत पोचायला महिनाभर गेला, पण खांदा न दुखवता पोचतो. गेलं काय, तर स्मॅशचं वजन. ते खरंच कमी झालंय. जुन्या रॅकेटने मारलेला स्मॅश समोरच्याला उचलता यायचा नाही, आताचा उचलतात. सिंगल्स खेळणाऱ्यांनी, पाय आणि हात दोन्ही जलद असलेल्यांनी, डोकं जड असलेली रॅकेट जरूर वापरून बघावी. माझं म्हणणं डबल्सपुरतं आणि माझ्यासारख्या हातापुरतं आहे.

ग्रिपकडे मी वर्षानुवर्षं लक्षच दिलं नव्हतं. मूठ जी५ मापाची आहे. योनेक्सच्या मापांत जीच्या पुढचा आकडा वाढला की मूठ बारीक होते. हाताला बारीक पडणारी मूठ घट्ट आवळून धरावी लागते, आणि दीड तास आवळलेली मूठ म्हणजे कोपराचं दुखणं. रॅकेट सैल धरायची आणि फटक्याच्या क्षणीच आवळायची, हे शिकायचं तर मूठ हाताला बसणारी हवी. बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा उंचवटा यांत एक बोट मावेल एवढी जागा राहिली की माप जमलं. मी मूळ ग्रिपवर एक पातळ ओव्हरग्रिप चढवली. तिचं वजन मुठीकडे पडतं, म्हणून बॅलन्सही सेंटीमीटरभर मुठीकडे सरकला. वर दिलेलं २९० हे त्यानंतरचं माप. ज्यांना आपली रॅकेट डोक्याकडे किंचित जड वाटते त्यांनी नवीन घेण्याआधी एवढं जरूर करून बघावं.

आता गटिंग, आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. पहिलं गटिंग करणाऱ्याने न विचारता २७ पाउंड ताण दिला. फ्रेमची मर्यादा २८ छापलेली, म्हणजे नियमात होतं. पण जास्त ताणाच्या गटिंगमध्ये फूल नेमकं मधोमध लागलं तरच ते उडतं, जरा कडेला लागलं की फटका मरतो आणि हादरा थेट हातात येतो. दोन आठवड्यांत वरच्या कोपऱ्यात लागलेल्या एका फटक्यावर ते तुटलं, कोपर पुन्हा कुरकुरू लागलं. त्यानंतर योनेक्सचं बीजी६५ गटिंग घातलं, ०.७० मिलिमीटर जाडीचं, आणि ताण २३ पाउंड सांगितला. पहिल्या एक-दोन दिवसांत ताण थोडा उतरतो, मग स्थिरावतो. फूल खोल रुतून उडतंय असं वाटतं, टॉसला गटिंगची मदत मिळते. पातळ तारेचा कडक आवाज याला नाही, पण हे साडेतीन महिने टिकलं, पुढचं चार.

गटिंग तुटलं की लगेच उरलेल्या सगळ्या तारा कापायच्या, मधून सुरुवात करून कडेकडे जायचं. एका बाजूने ताण सुटून दुसऱ्या बाजूने राहिला तर फ्रेम वाकडी होते. डबल्समध्ये जोडीदाराच्या रॅकेटला रॅकेट लागली तर त्याच वेळी फ्रेमवरून नख फिरवून बघावं. चीर डोळ्यांआधी नखाला लागते. माझी दोनदा आपटली, नुसता रंग गेला.

गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा गटिंग तुटलं. कापलेलं जाळं टाकण्याआधी उजेडात धरून पाहिलं. तारा एकमेकींवर घासून पडलेल्या खाचा सगळ्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेत होत्या. जुन्या रॅकेटच्या गटिंगवर त्या पार फ्रेमच्या कडेपर्यंत पसरलेल्या असायच्या. या वेळी २४ पाउंड सांगितलेत.