लॅपटॉपचा आवाज गेला असन तर इथे न्या

दारव्ह्याला बसस्टँडजवळ जे छोटं लॅपटॉप रिपेअरचं दुकान आहे ना, तिथल्या पोट्ट्याचं काम लय भारी. लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकल्यापासून माझ्या लॅपटॉपवर साउंडमध्ये नुसतं डमी आउटपुट, म्हणजे खरं साउंड कार्ड सापडलंच नाही असं दिसत होतं, दुसरीकडे तर डायरेक्ट बोर्ड बदला म्हणे. यानं आधी डीमेसेज कमांडनं कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा) लॉग, म्हणजे नोंदी वाचल्या, तर इंटेलच्या ऑडिओ डीएसपीला (आवाजाचं काम करणारा चिपमधला भाग) लागणारी सॉफ फर्मवेअरची, म्हणजे त्या डीएसपीत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइलच नव्हती. डीएसपी ड्रायव्हर 1 ही सेटिंग करून, म्हणजे डीएसपीला वगळून, आवाजाच्या जुन्या एचडीए ड्रायव्हरवर स्पीकर तर वाजला पण आतला डिजिटल माइक त्या डीएसपीलाच जोडलेला असते म्हणून तो बंदच, मग फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, ती सेटिंग परत काढली, रीस्टार्ट, दोन्ही चालू! पार्ट विकायची घाई नाही भाऊ त्याला, हेच आवडलं. फक्त लाइन गेली की थांबा लागते.