लेव्हलवाइंडचं रील की बिनलेव्हलवाइंडचं? दोन्ही वापरून झाल्यावर

मासे गरवायची ही दोन रीलं गणपतीनंतर घेतली. आता पुढचा पावसाळा तोंडावर आलाय आणि तोवर दोन्ही आलटून-पालटून भरपूर वापरून झालीत. दोन्ही गोल, दोन्ही 6500 मापाची, दोन्हींत 0.35 मिमीचा मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, सुमारे सव्वादोनशे मीटर बसतो. फरक एकच. एकाच्या तोंडाशी लेव्हलवाइंड आहे, म्हणजे हँडल फिरवताना दोरीला या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवत नेणारी कडी. दुसऱ्याचं तोंड मोकळं. बहुतेक वापर रेवदंड्याला, कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या बाजूच्या वाळूवर आणि आत साळावच्या पुलाकडे खाडीत.

एकच रील घेणार असाल तर लेव्हलवाइंडचं घ्या, असं मी म्हणेन. पण मी स्वतः किनाऱ्यावर उभा राहून शिसं फेकतो तेव्हा हातात बहुतेक वेळा दुसरंच असतं. याचं कारण लांबी नाही.

लांबीबद्दल उगाच फार बोललं जातं. कडी काढली की गरी क्षितिजापार जाते, असा एक समज आहे. लांब फेकीच्या स्पर्धांत लेव्हलवाइंड नसलेली रीलं वापरतात, इंग्लंडच्या किनाऱ्यावर गरवणारे तर असलेली कडी काढून तिच्या जागी साधा दांडा बसवतात, हे खरं. पण ती माणसं अख्खं अंग पिळवटून फेकतात. माझ्यासारख्याच्या फेकीत, बारा फुटी रॉड आणि सव्वाशे ग्रॅम शिसं धरून, वाळूवर पावलं टाकून पाहिली तर फरक थोडक्या पावलांचा निघतो. समोरून खारा वारा सुटला की तेवढाही उरत नाही. पहाटे मतलई वारा पाठीशी असताना दोन्ही छान जातात.

कडी किती आडवी येते हे तिच्या जातीवरही आहे. काही रीलांत फेकताना स्पूलबरोबर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या फिरकीबरोबर, कडीही इकडून तिकडे धावते. त्यात स्पूलची ताकद खर्च होते, पण नवशिक्याला तो आयता ब्रेकच असतो. माझ्या रीलात कडी हँडलला जोडलेली आहे, त्यामुळे बटण दाबून स्पूल मोकळं केलं की ती जागच्या जागी थांबते. मग ती कुठे थांबली याला महत्त्व येतं. कडी डाव्या टोकाला आणि दोरी उजव्या कडेवरून सुटतेय, असं झालं की दोरी तिरकी घासत जाते. म्हणून फेकण्याआधी हँडलचा अर्धा-पाऊण फेरा कमी-जास्त करून कडी मधोमध आणायची. एवढ्यानेही फेक सुधारते.

खरा प्रश्न लीडरच्या गाठीचा आहे. जड शिसं फेकायचं तर मुख्य दोरीच्या पुढे जाड दोरीचा तुकडा, म्हणजे लीडर, बांधावा लागतोच. दर औंसाला दहा पौंड हा नियम धरला तर सव्वाशे ग्रॅमला 45 पौंडांच्या आसपास. लीडरचे पाच-सहा वेढे स्पूलवर असायला हवेत, म्हणजे फेकीचा सगळा झटका जाड दोरीवर जातो. म्हणजेच गाठ स्पूलवर असते आणि फेक सुटल्या सुटल्या, सगळ्यात जास्त वेगात, त्या बारक्या कडीतून पार होते. मोनोला मोनो बांधलेली गाठ चांगली जाड असते. कडीत ती ‘टक्’ वाजते, बोटाला जाणवते, आणि गाठीचं शेपूट थोडं लांब राहिलं असेल तर अडकते. अडकली की सव्वाशे ग्रॅमचं शिसं लीडर तोडून भलतीकडे जातं. शेजारी कोणी उभं असेल तर हा विषय गमतीचा राहत नाही.

मोकळ्या तोंडाच्या रीलात हा प्रश्नच येत नाही. शिवाय गाठ स्पूलवर कुठे बसवायची हे आपल्या हातात राहतं. मी ती कायम डाव्या कडेला नेऊन ठेवतो आणि फेकताना अंगठा उजव्या बाजूला दाबतो, म्हणजे सुटणारी गाठ अंगठ्याचं कातडं सोलत नाही. लेव्हलवाइंडच्या रीलात कडी नेईल तिथे गाठ बसते, आणि बरेचदा ती नेमकी अंगठ्याखालीच येते.

आता याची किंमत. दोरी स्वतः पसरावी लागते, दर वेळी, न चुकता. डाव्या हाताने रॉड आणि रील एकत्र धरायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने दोरी हळूहळू या कडेला, मग त्या कडेला ढकलत राहायची. सुरुवातीला नजर सतत स्पूलवर असते, रॉडच्या टोकाकडे लक्ष जात नाही. महिनाभरात अंगठ्याला सवय लागते आणि अंधारातही तो न पाहता चालतो. 1890च्या दशकात अमेरिकेत कॅलामझूच्या विल्यम शेक्सपिअरने (तो नाटकवाला नव्हे) लेव्हलवाइंड काढलं. त्याआधी केंटकीचे घड्याळजी जी सुंदर रीलं बनवायचे, त्यांवर सगळे असंच अंगठ्याने दोरी लावायचे. तेव्हा अशक्य काही नाही.

पण मासा लागला की परीक्षा होते. मोठी पाकट आमिष घेऊन तळाला चिकटते तेव्हा दोन्ही हात रॉड सावरण्यात गुंततात आणि अंगठा आपलं काम विसरतो. दोरी एकाच जागी चढत जाते, तिचा उंचवटा होतो आणि तो वरच्या दांड्याला घासायला लागतो. त्याच क्षणी थांबून दोरी दुसरीकडे वळवली नाही तर स्पूल जाम. लेव्हलवाइंडवर हा विचारच करावा लागत नाही, सगळं लक्ष माशाकडे. माझ्या मेहुण्याला एका सकाळी हे मोकळं रील दिलं. त्याने दोरी मधोमध गोळा केली आणि मला विचारलं, “दाजी, याचा पुढचा भाग दुकानात राहिला का?” पुढच्या फेकीला तो उंचवटा ढासळला आणि गुंता सोडवण्यात आमची अर्धी भरती गेली. तेव्हापासून पाहुण्यांना लेव्हलवाइंडचं रील.

मोकळ्या रीलावर ब्रेड, म्हणजे अनेक धाग्यांची विणलेली बारीक दोरी, भरूनही पाहिला. पुन्हा भरणार नाही. ओला ब्रेड अंगठ्याला चिरतो, आणि सैल बसलेले वेढे ताण आला की खालच्या थरात रुतून बसतात. पुढच्या फेकीला दोरी मध्येच अडते. तिथे मोनोच बरा.

खाडीत मात्र तुलनाच नाही. जिताड्यासाठी किंवा तांबोशीसाठी तिवरांच्या कडेने, पुलाच्या खांबांपाशी लुअर (नकली आमिष) मारायचं म्हणजे फेक, ओढ, फेक, ओढ. एका ओहोटीत इतक्या वेळा दोरी अंगठ्याने पसरायची तर माणूस लुअर कसं चालतंय ते बघणार कधी? इथे ब्रेड लागतो, फेक आखूड असते आणि लीडरही आखूड, त्यामुळे गाठ बरेचदा स्पूलपर्यंत येतच नाही. ब्रेड लीडरला जोडणारी बारीक एफजी गाठ कडीतून तशीही सहज जाते. बोटीवरही तेच, तिथे फेकायचंच नसतं.

देखभालीत मोकळं रील जिंकतं. लेव्हलवाइंडचा जीव उलटसुलट आटे पाडलेल्या एका दांड्यात असतो, आणि त्या आट्यांत पॉल नावाचा छोटा तुकडा फिरतो. हा भाग उघड्यावर, पाण्याच्या सगळ्यात जवळ. रेवदंड्याची बारीक काळपट वाळू ओल्या दोरीबरोबर तिथेच येऊन बसते. मी घट्ट ग्रीस लावणं सोडलं, कारण त्यात वाळू चिकटून राहते. आता जुन्या टूथब्रशने आटे साफ करतो आणि पातळ तेलाचा एक थेंब. घरी आल्यावर ड्रॅग (मासा ओढताना दोरी सुटू देणारा ब्रेक) आवळून वरून गोड्या पाण्याची हलकी धार. बादलीत बुडवायचं नाही, नळीने जोरात फवारायचं नाही, नाहीतर मीठ उलट आत जातं.

एवढं करूनही शिशिरात माझी कडी डाव्या टोकाला वळताना अडखळायला लागली आणि तिथे दोरीचा ढीग होऊ लागला. पॉल झिजला होता. तो झिजण्यासाठीच असतो, दांड्यापेक्षा स्वस्त आणि बदलायला पाच मिनिटांचा, पण हवा त्या वेळी मिळत नाही. मुंबईत दोन दुकानं फिरून शेवटी मागवावा लागला. रील घेतानाच दोन पॉल जादा घेऊन ठेवा. बदलताना खालची टोपी वाळूवर उघडू नका, ताटात उघडा.

जुनं लेव्हलवाइंडचं रील कोणी देत असेल तर दुकानदाराच्या गप्पा ऐकत बसू नका. दोरी थोडी ताणून धरा, हँडल अगदी सावकाश फिरवा आणि कडी दोन्ही टोकांना कशी वळते ते बघा. क्षणभर थांबून मग वळत असेल तर पॉल बदलून भागेल. मध्येच उडी मारत असेल तर दांड्याचे आटे गेले, तेवढे पैसे भावातून कापून घ्या.