त्सुम की लांगटांग? दोन बेयुलांपैकी एकाची निवड

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, ऑक्टोबरात अकरा दिवसांची रजा मिळतेय. आम्हा दोघांना नेपाळमध्ये एखाद्या बौद्ध खोऱ्यात चालायचंय. त्सुमला जाऊ की लांगटांगला?" सह्याद्रीत बरोबर भटकणाऱ्या मंडळींनीही हाच प्रश्न इतक्यांदा विचारलाय, की आता एकदा सविस्तर लिहूनच काढते. दोन्ही खोरी मी दोन-दोनदा चालले आहे. त्सुमच्या पहिल्या खेपेला मात्र अर्ध्यावरून परतले. त्याचं कारण पुढे सांगते, कारण सगळा निर्णय तिथेच येऊन ठरतो.

आधी दोघांमधलं साम्य. दोन्ही खोरी "बेयुल" मानली जातात. बेयुल म्हणजे दडवून ठेवलेली भूमी. धर्मावर संकट येईल, जगणं मुश्कील होईल, तेव्हा श्रद्धावंतांना आसरा मिळावा म्हणून गुरु पद्मसंभवांनी हिमालयात अशी खोरी राखून ठेवली, असं तिबेटी बौद्ध परंपरा मानते. त्सुम आणि शेजारचं नुब्री मिळून "क्यिमोलुंग", तर लांगटांग म्हणजे "दागम नाम्गो". लांगटांगच्या नावामागे एक गोड गोष्टही सांगतात. एका लामाचा बैल हरवला, त्याचा माग काढत लामा चालत राहिला आणि या खोऱ्यात येऊन पोचला. तिबेटीत "लांग" म्हणजे बैल.

आता फरक. त्सुम गोरखा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे, तिबेटच्या सीमेला खेटून. नेपाळी लोक त्याला "चुम" म्हणतात. परदेशी ट्रेकरसाठी हे खोरं 2008 साली उघडलं. लांगटांग रसुवा जिल्ह्यात, काठमांडूच्या थेट उत्तरेला. तिथलं राष्ट्रीय उद्यान 1976 सालचं आहे, आणि ट्रेकर त्याच्याही आधीपासून येतायत. त्यामुळे लांगटांगच्या वाटेवर दर तासा-दोन तासांनी चहा मिळतो, क्यांजिन गोम्पाला (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, इथे वस्तीचंही तेच नाव) बेकरी आहे, कॉफी आहे, गरम पाण्याची आंघोळही विकत मिळते. त्सुममध्ये चहा एखाद्या घरात मिळतो, तोही घरात कोणी असेल तर.

परवानग्यांचं थोडक्यात. लांगटांगला राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट लागतं, आपल्याला सार्क देशांचा दर लागू होतो (मी गेले तेव्हा 1,500 नेपाळी रुपये). 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाइड घेण्याचा नियम आहे, तो धरून चला. त्सुम हा प्रतिबंधित भाग आहे. तिथला खास परवाना नोंदणीकृत ट्रेकिंग एजन्सीमार्फतच निघतो, स्वतः काउंटरवर जाऊन मिळत नाही, आणि त्याची फी डॉलरमध्ये, आठवड्याच्या हिशोबाने असते. सप्टेंबर ते नोव्हेंबर ती जास्त असते. शिवाय मनास्लू संरक्षण क्षेत्राचं तिकीट वेगळं. तरी त्सुमचा खर्च वाढतो तो परवान्याच्या फीपेक्षा दिवसांमुळे. गाइडचे दिवस, मुक्कामांचे दिवस, लांबलचक जीपप्रवास. लांगटांगच्या जवळजवळ दुप्पट पैसे बाजूला ठेवा. रोख नेपाळी रुपये काठमांडूतच घ्या, वर एटीएम विसरा.

वाटेबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण इथे लोकांचा हमखास गैरसमज होतो. "लांगटांग सोपा, त्सुम अवघड" असं सरसकट सांगितलं जातं. पायांच्या दृष्टीने ते खरं आहे, पण उंचीच्या दृष्टीने उलट.

लांगटांगची चाल स्याब्रुबेसीपासून सुरू होते, साधारण 1,500 मीटरवरून. पहिल्या दिवशी लांगटांग खोलाच्या, म्हणजे नदीच्या, काठाने दाट जंगलातून लामा होटेल नावाच्या वस्तीला, जवळपास 2,450 मीटर. दुसऱ्या दिवशी घोडातबेला ओलांडून लांगटांग गावी, 3,430 मीटर. तिसऱ्या दिवशी दोन-तीन तासांत क्यांजिन गोम्पा, 3,870 मीटर. म्हणजे तीन दिवसांत आपण 2,300 मीटरहून जास्त वर आलेले असतो. वाट मोकळी, अंतरं छोटी, पाय दुखत नाहीत, म्हणून माणूस बेफिकीर राहतो आणि क्यांजिनला रात्री डोकं धरून बसतो. राजगड-तोरणा एका दमात करणारी दणकट मुलं तिथे उलट्या करताना मी पाहिली आहेत. उंची दमसासाला विचारत नाही. लांगटांग गावात दोन रात्री काढा. चेर्को री, म्हणजे जवळपास 5,000 मीटरचं शिखर, करायचं मनात असेल तर क्यांजिनलाही एक दिवस जास्त ठेवा. डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

त्सुमची वाट हजार मीटरच्याही खालून सुरू होते. जीप माछाखोलापर्यंत तरी जाते, तिथून बुढी गंडकीच्या घळीतून जगत आणि फिलिम. हे पहिले दोन दिवस उकाड्याचे. वर कडा, खाली घोंघावणारी नदी, मध्ये दरड कोसळून पुन्हा कोरलेली वाट. गाइड "इथे थांबू नका, भराभर चला" म्हणाला तर फोटोसाठी रेंगाळू नका. लोक्पाच्या अलीकडे मनास्लूची वाट सुटते आणि आपण सियार खोलाच्या अंगाने त्सुममध्ये शिरतो. चुमलिंग 2,386 मीटर, छेकम्पार 3,031, नीले 3,361 आणि शेवटचा मुक्काम मू गोम्पा, 3,700 मीटर. चढ-उतार इतके की गुडघे बोलायला लागतात. आज तीनशे मीटर चढून मिळवलेली उंची दुपारी पुलापर्यंत उतरून घालवायची, पुन्हा चढायचं. पण उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. मू गोम्पाचा मुक्काम क्यांजिनपेक्षा खालीच आहे. पन्नाशीच्या पुढच्या, नियमित चालणाऱ्या माणसाला, गुडघे ठणठणीत असतील तर, मी म्हणूनच त्सुमला नको म्हणत नाही.

पण ही निवड उंची आणि गुडघ्यांवर सुटत नाही. तुम्हाला खोऱ्यात काय भेटायला हवंय, हे आधी ठरवा.

लांगटांगला डोंगर भेटतात, आणि अगदी अंगावर येऊन भेटतात. क्यांजिनच्या अंगणात उभं राहिलं की 7,200 मीटरहून उंच लांगटांग लिरुंग डोक्यावरच असतो. क्यांजिन री दोन-अडीच तासांत होतो, आणि वरून हिमनद्यांची पात्रं नकाशासारखी दिसतात. खाली याक आणि चौंरींच्या (याक-गाईच्या संकराच्या) दुधाचं चीज करणारा जुना कारखाना आहे, स्वित्झर्लंडच्या मदतीने 1950 च्या दशकात सुरू झालेला. तिथलं चीज जरूर घ्या. चवीला उग्र असतं, पण थंडीत भाकरीसारखं पोटाला धरून राहतं.

आणि लांगटांगला शोक भेटतो. 25 एप्रिल 2015 ला दुपारी बाराच्या सुमारास भूकंप झाला आणि लिरुंगच्या कड्यावरून बर्फ नि खडकांचा लोंढा लांगटांग गावावर कोसळला. गावकरी, ट्रेकर, सैनिक मिळून तीनशेच्या आसपास माणसं गेली. वाऱ्याच्या नुसत्या धक्क्याने समोरच्या उतारावरची झाडं आडवी झाली. आज वाट त्याच ढिगाऱ्यावरून जाते. जुनं गाव तुमच्या पायाखाली असतं. पहिल्या खेपेला मला हे माहीत होतं, तरी पाऊल टाकताना उमगत नव्हतं. पुढे स्मारकाची भिंत आली, नावं कोरलेली. पाठीवर डोको, म्हणजे वेताची टोपली, घेतलेली एक बाई तिथे थांबली, डोक्यावरचा नाम्लो (टोपलीचा पट्टा) सैल केला, एका नावावरून तळवा फिरवला आणि कपाळाला लावला. मग नाम्लो परत कपाळावर ओढून चालू लागली. मिनिटभरही लागलं नसेल. हे तिचं रोजचंच होतं. त्या दगडांवर बसून डबा खाणारे, गाणी लावणारे ट्रेकर मी पाहिले आहेत, आपल्याकडचेही. कृपा करून तसं करू नका. ज्या लॉजमध्ये तुम्ही रात्री जेवता, त्या घरातलं कोणीतरी तिथे असतंच.

त्सुममध्ये भेटतो तो पाळला जाणारा धर्म. 1920 साली या खोऱ्यातल्या लोकांनी लामांच्या साक्षीने शपथ घेतली, की इथे जीव मारायचा नाही. या व्रताला "श्याग्या" म्हणतात. शिकार नाही, कत्तल नाही, सापळे नाहीत, मधासाठी पोळं काढणं नाही, जंगलाला आग लावणं नाही. शंभर वर्षं उलटली, व्रत टिकून आहे. म्हणून नाऊर, म्हणजे तिथल्या निळसर रानमेंढ्या, वाटेपासून दगडफेकीच्या अंतरावर चरत राहतात आणि मान वर करून परत चरायला लागतात. तिथे जेवणात मटण मागू नका आणि सॅकमधून सुके मासेही नेऊ नका. माळकऱ्याच्या घरी आपण जसे वागू, तसंच.

राछेन गोम्पात भिक्षुणी राहतात. पिरेन फू ही मिलारेपांची गुहा, अकराव्या-बाराव्या शतकातल्या त्या योगी-कवीने इथे साधना केली, असं मानतात. याच खोऱ्यातल्या गुहांमध्ये गेशे लामा कोंचोग या तिबेटी बौद्ध साधकाने वर्षानुवर्षं एकांतात काढली. 2001 मध्ये ते गेले, आणि त्यांचा पुनर्जन्म म्हणून जे मूल ओळखलं गेलं, तेही त्सुममधलंच. मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) आणि छोर्तेन, म्हणजे स्तूप, दोन्ही खोऱ्यांत आहेत, आणि ते उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. प्रदक्षिणेची सवय असलेल्या आपल्याला हे शिकवावं लागत नाही. त्सुममधल्या काही मणी-भिंती मात्र इतक्या लांब आहेत, की बाजूने चालता चालता आपलं बोलणं आपोआप थांबतं.

आता माझी अर्धवट राहिलेली खेप. काठमांडू ते काठमांडू तेरा दिवस हाती धरले होते. जगतच्या अलीकडे दरडीमुळे वाट बंद, एक दिवस तिथेच गेला. चुमलिंगच्या चढावर बरोबरच्या मैत्रिणीला ताप भरला, आणखी एक दिवस गेला. छेकम्पारला पोचलो तेव्हा परतीच्या विमानाचा हिशोब संपला होता. ज्या घरात उतरलो होतो, तिथली आजी चुलीपुढे जव भाजत होती. कढईत गरम वाळू, त्यात मूठभर जव, झाडूच्या चार काड्यांनी ढवळायचं, दाणे तडतडले की चाळणीत ओतायचे. वाळू खाली, जव वर. त्याचंच पीठ म्हणजे त्साम्पा, आपल्या सातूच्या पिठाच्या नात्यातलं. उद्या परत फिरणार हे तिला गाइडने सांगितलं. तिने माझ्याकडे बघून हाताने वरच्या दिशेने खूण केली आणि काहीतरी म्हणाली. गाइड म्हणाला, "ती विचारतेय, मूला न जाता परत कसे काय जाता? मग आलात कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या खेपेला अठरा दिवस घेऊन गेले आणि मूला दोन रात्री राहिले.

म्हणून त्सुमसाठी माझा हिशोब असा: काठमांडू ते काठमांडू पंधरा दिवस, त्यातले दोन राखीव. मुंबई-पुण्याहून निघून परत येईपर्यंत सतरा-अठरा. हे जमत नसेल तर जाऊ नका. घाईत केलेलं त्सुम म्हणजे बुढी गंडकीच्या घळीचा घाम आणि वरच्या खोऱ्याची एक झलक. लांगटांगला काठमांडू ते काठमांडू आठ दिवस पुरतात, उंचीसाठी एक-दोन दिवस जोडून नऊ-दहा.

हंगाम दोन्हीकडे सारखाच, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. वसंतात जायचं असेल तर लांगटांगचं पारडं जड, कारण जंगलात गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) लालभडक फुललेला असतो. पावसाळ्यात दोन्ही टाळा, त्सुम तर नक्कीच, त्या घळीत दरडींचा भरवसा नाही. आणि त्सुम मनात असेल तर फार वर्षं पुढे ढकलू नका. रस्ता दरवर्षी आणखी आत सरकतोय. मला त्याचं वाईट वाटतं, पण आजारी माणसाला पाठीवर घेऊन चार दिवस उतरणाऱ्या लोकांसमोर ते बोलून दाखवायची माझी हिंमत नाही.

हिमालयात पहिल्यांदाच जात असाल, शिखरं जवळून बघायची असतील, बरोबर कोणी नवखं असेल, तर लांगटांग. आधी एक-दोन मोठे ट्रेक झालेत, लॉजऐवजी कोणाच्या तरी घरात, चुलीच्या धुरात झोपायला हरकत नाही, शिखर दिसलं नाही तरी दिवस वाया गेला असं वाटणार नाही, तर त्सुम. गर्दी नको एवढ्याच कारणासाठी त्सुम निवडत असाल, तर लांगटांगला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा. थंडी कडक असते, पण आकाश स्वच्छ आणि वाट बरीचशी रिकामी.

भाचीला मी लांगटांग सांगितलंय. अकरा दिवसांतले दोन मुंबई-काठमांडूच्या ये-जा करण्यात जातील, उरलेले नऊ. लांगटांग गावात दोन रात्री, क्यांजिनला दोन, आणि चेर्को री तब्येत बघून. तिचा नवरा म्हणाला, गावातली दुसरी रात्र वाचवून गोसाईंकुंडाचं पवित्र सरोवर जोडता येईल का? नाही म्हटलं. ती रात्र तशीच ठेवा, आणि त्या दिवशी सकाळी सॅक खोलीवर ठेवून स्मारकापर्यंत चालत जाऊन या.