रत्नागिरीत पदव्युत्तर शिक्षणासाठी राहताना : स्लॅबची खोली की कौलारू घर?

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेताना वसतिगृहाबाहेर राहायचे ठरले, तर घाटावरून आलेल्या विद्यार्थ्यासमोर साधारणतः दोन पर्याय असतात : मारुती मंदिर परिसरात दोघातिघांनी मिळून घेतलेली स्लॅबची खोली, किंवा शिरगावच्या बाजूला एखाद्या कौलारू घरातील पडवीलगतची खोली. मी सोलापूरकडचा; पहिले वर्ष पहिलीत काढले, दुसरे दुसरीत.

सोयींच्या बाबतीत शहरातील खोली उजवी आहे, हे आधीच मान्य करतो. खाणावळ आणि झेरॉक्स हाताशी असतात, येण्याजाण्याच्या वेळा कोणी विचारत नाही आणि नमुन्यांसाठी पहाटे मिरकरवाडा बंदर गाठणे सोपे जाते. हा शेवटचा फायदा मात्र १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात उरत नाही. तेव्हा शीतपेटीत साठवलेले मासेच चिरावे लागतात.

माझा कौल फिरवला तो ओल्या कपड्यांनी. दिवसभर माशांची जठरे तपासणाऱ्याला ॲप्रन आणि सदरा रोज धुवावाच लागतो. सोलापुरात ते दोन तासांत वाळतात. येथे वर्षाचा ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस बहुतांशी चार महिन्यांत कोसळतो. खिडक्या दिवसभर बंद, भिंतींना ओल आणि नायलॉनच्या एकाच दोरीवर तिघांचे कपडे, अशा त्या खोलीत तिसऱ्या दिवशीही सदरा दमट असे व त्याला आंबूस वास येई. श्रावणापर्यंत कमरेच्या पट्ट्यावर, बॅगेवर आणि प्रबंधाच्या टिपणवहीच्या पुठ्ठ्यावरही बुरा चढला. शाकाहारी घरमालकांनी तर एकदा, खोलीत मासे शिजवता का, अशी चौकशी केली. आमच्याकडे साधी शेगडीही नव्हती.

कौलारू घरात कौलांच्या फटींतून वारा खेळता राहतो. पडवीतील वलणीवर कपडे अर्धेमुर्धे सुकले की घरच्या आजी ते संध्याकाळी पाणी तापवण्याच्या चुलीवरच्या बांबूवर टाकत. सकाळी कपडे कोरडे मिळत. धुराचा वास येई, पण प्रयोगशाळेतील वासापुढे तो मला सुगंधच वाटला.

उणिवा येथेही आहेत. आजींच्या जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात, मित्राला मुक्कामी आणण्यापूर्वी विचारावे लागते, वीज गेली की वाट पाहावी लागते आणि एखादी गोम अंथरुणाजवळ निघते. माझ्या टेबलावर पहिल्याच पावसात पाणी ठिबकले होते, तेव्हा पावसाआधी घर शाकारले आहे का, हे विचारून घ्यावे.

शहरातील खोलीला वाऱ्याच्या दिशेची झाकलेली बाल्कनी असेल, तर आपला अनुभव कदाचित वेगळा येईल. ज्यांचे काम मुख्यतः संगणकावर चालते, त्यांना तर तीच बरी पडावी. रोज मासे चिरणाऱ्याने मात्र आधी पडवीतील वलण पाहावी आणि मग भाडे विचारावे, असे मला वाटते.