क्यूआयएप्रेप स्पिन मिनीप्रेप किट: कशाला वापरावं, कशाला नाही

क्लोनिंग करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या बाकावर कियाजेन कंपनीचं हे किट बहुधा सापडतंच; जिवाणूंतून प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचा छोटा वर्तुळाकार रेणू, वेगळा काढायला ते वापरतात. तत्त्व जुनंच आहे: 1979 मध्ये बर्नबॉइम आणि डोली यांनी मांडलेलं अल्कलाइन लायसिस, म्हणजे अल्कलीने पेशी फोडणं. भर आहे ती सिलिकाच्या कॉलमची, त्यामुळे फिनॉल-क्लोरोफॉर्मची कटकट मिटते. कॉलम 20 मायक्रोग्रॅमपर्यंत डीएनए धरतो, पण लो-कॉपी (पेशीत मोजक्याच प्रती असणारा) प्लाझ्मिड असेल तर त्याच्या आसपासही पोचत नाही.

बिघडतं ते बहुतेक पेशी फोडणाऱ्या पी2 बफरपाशी. 250 मायक्रोलिटर घालून ट्यूब 4 ते 6 वेळा हलकेच उलटीसुलटी करायची. व्हॉर्टेक्स केलंत की जीनोमिक (जिवाणूच्या गुणसूत्राच्या) डीएनएचे तुकडे होतात आणि प्लाझ्मिडबरोबर उतरतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवलंत तर काही प्लाझ्मिड कायमचा डिनेचर होतो, म्हणजे त्याची रचना बिघडते; जेलवर तो पुढे पळतो आणि रिस्ट्रिक्शन एन्झाइमला दाद देत नाही. एसीच्या गारठ्यात पी2मधला एसडीएस हा डिटर्जंट पांढरा साका धरतो, तेव्हा बाटली 37 अंशांवर ठेवून तो विरघळवावा. झाकण लगेच लावावं, कारण त्यातला सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो.

दुसरी नेहमीची चूक पीई या धुण्याच्या बफरच्या नव्या बाटलीत इथेनॉल न घालण्याची. मग धुताना डीएनएच वाहून जातो आणि दोष मात्र कल्चरला दिला जातो! धुऊन झाल्यावर खालचं द्रव फेकून कॉलम मिनिटभर रिकामा फिरवायलाच हवा. इथेनॉल उरला तर नमुना जेलच्या खाचेत बसत नाही, वर तरंगतो.

इल्यूशनला, म्हणजे कॉलमवरून डीएनए उतरवायला, ईबी बफरच वापरा. मिलिक्यू पाण्याचा पीएच 7 च्या खाली असला तर डीएनए कॉलमवरच राहतो. 50 मायक्रोलिटर पडद्याच्या मधोमध टाकून मिनिटभर थांबा. 30 टाकलेत तर सांद्रता वाढते, पण एकूण डीएनए कमी मिळतो.

एचबी101 सारख्या जिवाणूंच्या स्ट्रेनमध्ये न्यूक्लिएज (डीएनए तोडणारी एन्झाइम) भरपूर, तिथे पीबी बफरचा वॉश टाळू नका. डीएच5अल्फाला त्याची गरज नाही.

सिक्वेन्सिंग आणि सबक्लोनिंगसाठी किट उत्तम. पण चोवीस वसाहतींपैकी इन्सर्ट (प्लाझ्मिडमध्ये जोडलेला डीएनएचा तुकडा) कुणात आहे एवढंच पाहायचं असेल तर कॉलम खर्ची घालणं उधळपट्टी आहे. कॉलनी पीसीआर (थेट वसाहतीतल्या पेशींवर पीसीआर) करा. नाजूक पेशींच्या ट्रान्सफेक्शनला (पेशींत डीएनए घालायला) मात्र हे चालणार नाही, कारण यात एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष काढण्याची सोय नाही. त्यासाठी एंडोटॉक्सिनमुक्त किट वेगळं घ्यावं लागतं.